घरासाठी छोटं ऑटोमॅटिक एस्प्रेसो मशीन: आधी पाणी, सॉकेट आणि ओटा, मग मॉडेल

या मशिनांची खरेदी बहुतेक घरांत उलट्या क्रमाने होते. आधी व्हिडिओ बघून मॉडेल ठरतं, मग सेलमध्ये ऑर्डर जाते. मशीन घरी आल्यावर कळतं की त्याची पिन ओट्यावरच्या सॉकेटमध्ये बसत नाही, बीन्सचं झाकण वरच्या कपाटाला अडतं आणि बोअरच्या पाण्याने दर दोन-तीन आठवड्यांनी क्षाराचा (आत साचलेला क्षार काढा असं सांगणारा) दिवा लागतो. मशीन चांगलंच असतं, घराची तयारी झालेली नसते. खालचा क्रम इंदूरच्या घरांना धरून मांडला आहे. पहिले चार टप्पे मशिनावर एक रुपयाही खर्च करण्याआधीचे आहेत, आणि वगळले जातात तेही नेमके हेच.

टप्पा १: काय पिणार, किती पिणार आणि धुणार कोण

कागदावर तीन गोष्टी लिहा: दिवसाला किती कप, त्यातले दुधाचे किती, आणि रात्री दुधाचं भांडं कोण धुणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरात मिळत नसेल तर दुधाची यंत्रणा असलेलं मशीन घेऊ नका. काळी कॉफी देणारं साधं मॉडेल घ्या आणि दूध वेगळं तापवा.

छोट्या मशिनात पाण्याची टाकी साधारण १.८ लिटरची, बीन्सचा डबा २५० ग्रॅमच्या आसपासचा आणि चोथ्याचा ड्रॉवर डझनभर कपांचा असतो. दिवसाला आठ-दहा कपांना हे पुरतं. हळदीकुंकवाला पंचवीस बायका येणार असतील तर पुरत नाही. एकेक कॅपुचिनो होईपर्यंत पहिल्या कपावर साय धरते. त्या दिवशी पातेल्यातली कॉफीच करा.

आता नावांचा घोळ. ऑनलाइन यादीत 'ऑटोमॅटिक' म्हणून तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. बीन्स स्वतः दळून, दाबून, कॉफी काढून चोथा आत टाकणारं ते पूर्ण ऑटोमॅटिक. लांब दांड्याच्या गाळणीत तुम्हाला पावडर भरून दाबावी लागते ते अर्ध-ऑटोमॅटिक. तयार कॅप्सूल टाकायची ते तिसरं. फोटोत मशिनाच्या डोक्यावर बीन्सचा डबा आणि खाली चोथ्याचा ड्रॉवर दिसत नसेल तर ते पूर्ण ऑटोमॅटिक नाही, वर्णनात काहीही लिहिलेलं असो.

घरच्यांशी एक बोलणं आधीच उरकून घ्या. साखर घालून उकळलेली, वर जायफळ उगाळलेली आपली दाट दुधाची कॉफी या मशिनातून येत नाही. जायफळ कपात वरून घाला. बीन्सच्या डब्यात किंवा पावडरच्या खाचेत जायफळ, वेलदोडा, साखर यांतलं काहीही गेलं की ग्राइंडर आणि चाळणी चिकट होऊन बसते.

> सावधान: फिल्टर कॉफीच्या पावडरीत बहुधा चिकोरी असते. ती पाणी लागताच फुगते आणि चिकट होते. असली पावडर या मशिनात घालू नका. पाकिटावर '१०० टक्के कॉफी' लिहिलेलं आहे का ते वाचा.

टप्पा २: पाणी तपासा

इंदूरच्या पुष्कळ घरांत एकाच गच्चीच्या टाकीत तीन पाणी येतात: जलूदहून येणारं नर्मदेचं, बोअरचं, आणि मे महिन्यात टँकरचं. 'आमच्याकडे नर्मदा आहे' एवढ्यावर विसंबू नका. माळव्याच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, आणि नळाला एक दिवसाआड पाणी आलं की टाकीत बोअरचा वाटा वाढतो. तपासणी नेहमी ज्या नळाचं पाणी मशिनात जाणार त्याच नळावर करायची. एकदा आत्ता, एकदा ऐन उन्हाळ्यात.

कठीणपणा मोजायची पट्टी पुष्कळ मशिनांच्या खोक्यात येते, पण तोवर खरेदी झालेली असते. त्याआधी माशांच्या टाक्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातून जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) मोजायचा थेंबांचा किट आणा. तो बहुधा जर्मन अंशांत आकडा देतो. १ अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम. टीडीएस मीटर पेनासारखा असतो आणि स्वस्त मिळतो, पण तो सगळे विरघळलेले क्षार मोजतो, एकटा कठीणपणा नाही. अंदाजापुरता चालेल.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. माणसाला चालणारं पाणी मशिनाला चालेलच असं नाही. आतली तापवायची नळी अरुंद असते. २०० च्या वरच्या पाण्याने तिच्यात थर बसतो, पाणी पुरेसं तापत नाही, पंप कण्हायला लागतो आणि कॉफी कोमट येते. कॉफीसाठी कठीणपणा ५० ते १५० च्या दरम्यान ठेवला की चव आणि मशीन दोन्ही सांभाळली जातात.

मग थेट आरओचं पाणी का नको? आरओ नुसतंच चालू असेल आणि टीडीएस २०-३० वर आला असेल तर कॉफी पाणचट, आंबूस लागते. शिवाय इतकं रिकामं पाणी धातूच्या भागांना बरं नसतं. मधला मार्ग मिश्रणाचा. आरओचं पाणी ३० आणि नळाचं ४०० धरलं, तर ८०० मिली आरओ आणि २०० मिली नळाचं मिळून १०४ होतं. पुष्कळ आरओंना टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. मेकॅनिककडून तो १०० च्या आसपास लावून घेतला की रोज मापं घेत बसावं लागत नाही, आणि मिसळणारं पाणीही पिण्यायोग्य राहतं.

बाजारातलं मिनरल वॉटर रोज ओतणं हा काही उपाय नाही. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा, खर्च चालूच.

> तपासा: एक लिटर पाणी स्टीलच्या पातेल्यात जवळजवळ आटेपर्यंत उकळा. तळाला नखाने खरवडता येईल असा पांढरा थर आला, तर ते पाणी तसंच मशिनात जाता कामा नये.

टप्पा ३: सॉकेट, अर्थिंग आणि इन्व्हर्टर

ही मशिनं बहुतेक १४५० ते १५०० वॉटची असतात. २३० व्होल्टला ती साधारण ६.३ ते ६.५ अँपिअर ओढतात. मिक्सर लावता तो ओट्यावरचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. मशीन त्यावर चालू होतं, म्हणूनच लोक फसतात. प्लग गरम होतो, काही महिन्यांनी सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडतं. मोठा, १६ अँपिअरचा सॉकेट हवा, आणि त्याच वायरवर मायक्रोवेव्ह किंवा इंडक्शन एकाच वेळी नको.

युरोपातून येणाऱ्या काही मशिनांना दोन जाड गोल पिनांचा प्लग असतो. त्यासाठी प्रवासात वापरतात तसला हलका अ‍ॅडॉप्टर लावू नका. त्यात बहुधा अर्थिंगच जोडलं जात नाही. इलेक्ट्रिशियनकडून प्लग बदलून घ्यायचा तर आधी विक्रेत्याला विचारा, नाहीतर वॉरंटी जायची.

रामबागेसारख्या जुन्या वस्तीतल्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायर असेलच असं नाही. पाणी, वाफ आणि वीज एकत्र असलेल्या यंत्राला अर्थिंग लागतंच. वाफेच्या नळीला हात लावताना मुंग्या आल्यासारखं झालं तर मशीन लगेच बंद करा आणि आधी अर्थिंग पाहा.

घरगुती इन्व्हर्टरवर हे मशीन चालवू नका. पंखे-दिव्यांसाठी घेतलेल्या इन्व्हर्टरला हा भार झेपत नाही.

> सावधान: अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणायचं कबूल केलेलं मशीन १२० व्होल्टचं असतं. इथे थेट लावलं तर पहिल्याच दिवशी जळतं. १५०० वॉट पेलणारा ट्रान्सफॉर्मर जड, महाग आणि ओट्यावर जागा खाणारा. दुबई, इंग्लंड किंवा जर्मनीचं मशीन विजेच्या दृष्टीने चालतं, पण त्याची वॉरंटी इथे चालेल याची खात्री आधी करा.

टप्पा ४: ओटा मोजा

'कॉम्पॅक्ट' शब्द रुंदीपुरता खरा असतो. या मशिनांची रुंदी साधारण २४ सेंटिमीटर, पण खोली ३७ ते ४३ आणि उंची ३५ ते ४३ सेंटिमीटर. आपला ओटा बहुधा ६० सेंटिमीटर खोल असतो, त्यामुळे मशीन बसतं. पुढे पोळपाट मावतो का, ते बघा.

मोजायच्या जागा चार आहेत. वरच्या कपाटापर्यंतची उंची: मशिनाच्या उंचीत किमान १५ सेंटिमीटर मिळवा, कारण झाकण उघडून बीन्स घालायच्या असतात आणि वाफही वर जायला हवी. मागे आणि दोन्ही बाजूंना किमान ३ सेंटिमीटर. पाण्याची टाकी कुठून निघते ते: पुढून, वरून की बाजूने. आणि ब्रू युनिटचं, म्हणजे कॉफी दाबणाऱ्या आतल्या भागाचं दार कुठे उघडतं ते. पुष्कळ मशिनांत ते उजव्या बाजूला असतं. उजवीकडे भिंत किंवा फ्रिज असेल तर दर आठवड्याला अख्खं मशीन ओढावं लागेल. मग आठवड्याचं काम महिन्यावर जातं आणि महिन्याचं राहूनच जातं.

जुना पेपर मशिनाच्या लांबी-रुंदीचा कापून ओट्यावर दोन दिवस पसरून ठेवा. स्वयंपाक करताना तो सारखा सरकवावा लागत असेल तर जागा चुकली आहे. गॅसपासून दोन फूट तरी लांब ठेवा. फोडणीची तेलकट वाफ झाकणावर बसते, त्यावर धूळ चिकटते आणि बीन्सच्या डब्याच्या कडेला काळपट राप जमतो.

शेवटी घरातला सगळ्यात उंच मग मोजा. कॉफीची तोटी वर-खाली होते, पण काही मशिनांत ती १४ सेंटिमीटरच्या वर जात नाही. उंच स्टीलचा ग्लास बहुतेक ठिकाणी मावत नाही.

टप्पा ५: दुधाची यंत्रणा

इथे घाई करू नका. घरात मशीन पुढे वापरलं जाईल की झाकून ठेवलं जाईल, ते बऱ्याचदा याच एका निवडीवर ठरतं.

पहिला प्रकार वाफेच्या नळीचा. छोट्या भांड्यात दूध घेऊन तुम्ही त्यात नळी बुडवायची. स्वस्त, बिघडायला काही नाही, धुणं अर्ध्या मिनिटाचं. पण हाताला सवय लागते, आणि घरात एकालाच ती लागते.

दुसरा प्रकार मशिनाला जोडायच्या भांड्याचा, ज्यात बारीक नळीतून दूध ओढलं जातं. बटण दाबलं की फेसासकट कप तयार. फेस या प्रकारात छान येतो. डेलॉन्गी कंपनीच्या महागड्या मॉडेलांत हे भांडं तसंच फ्रिजमध्ये ठेवता येतं. अडचण नळीची आहे. आपलं दूध तापवलेलं, त्यावर साय. सायीचा एक तुकडा नळीत अडकला की फेस येणं थांबतं आणि दूध थुंकल्यासारखं उडतं. मे महिन्यात दोन तास बाहेर राहिलेल्या भांड्याला फ्रिजमध्ये परत टाकून काही होत नाही. नळीत दूध नासलेलं असतं.

तिसरा प्रकार बिननळीचा. फिलिप्सचं लॅटेगो हे त्यातलं ओळखीचं नाव. दोन तुकड्यांचं भांडं, ते उघडायचं, नळाखाली धरायचं, पुन्हा जोडायचं. फेस दुसऱ्या प्रकाराइतका दाट नसतो, आणि कॉफीवर नक्षी काढायच्या भानगडीत पडायचं असेल तर हे नको. तरीही दूध तापवून ठेवणाऱ्या, तीन-चार माणसांच्या घराला आमचा कौल याच प्रकाराला. धुणं सोपं असेल तरच ते रोज होतं.

कोणतंही घ्या, दुधाची तयारी सारखीच:

1. दूध तापवलेलं असेल तर पूर्ण गार करून चहाच्या गाळणीतून दोनदा गाळा.
2. फ्रिजमध्ये ४-५ अंशांपर्यंत थंड होऊ द्या. कोमट दुधाला फेस धरायला वेळच मिळत नाही.
3. टोन्ड दुधात (३ टक्के फॅट) फेस उंच आणि हलका येतो, फुल क्रीममध्ये (६ टक्के) कमी पण जाड. सांचीच्या दोन्ही पिशव्या एकेकदा लावून पाहा आणि जी आवडेल ती कायम करा. रोज दूध बदललं तर फेस का बिघडला ते कळत नाही.
4. साखर, केशर, चॉकलेट पावडर यांतलं काहीही दुधाच्या भांड्यात नको. कपात घाला.

> तपासा: दुकानात दुधाचं भांडं स्वतःच्या हाताने उघडा आणि परत जोडा. एका मिनिटात जमलं नाही तर घरीही जमणार नाही.

टप्पा ६: आतली रचना

सगळ्यात आधी विचारायचं ते ब्रू युनिट निघतं का. दळलेली कॉफी याच भागात दाबली जाते आणि गरम पाणी तिच्यातून जातं. फिलिप्स आणि डेलॉन्गीच्या पूर्ण ऑटोमॅटिक मशिनांत ते हाताने निघतं, नळाखाली धुता येतं. युरा (Jura) कंपनीच्या मशिनांत ते आतच बसवलेलं असतं आणि ठरलेल्या गोळीने मशीन स्वतः धुऊन घेतं. दोन्ही पद्धती चालतात, पण इंदूरच्या पावसाळ्यात आत ओला चोथा किती राहिलाय ते डोळ्यांनी पाहता आलेलं बरं. पहिल्यांदा घेत असाल तर निघणारंच घ्या.

'१५ बार', '२० बार' या आकड्यांकडे खुशाल कानाडोळा करा. तो पंपाचा जास्तीत जास्त दाब असतो. एस्प्रेसो निघते ९ बारच्या आसपास. ग्राइंडर चिनी मातीचा की पोलादाचा यावरही डोकं शिणवू नका, दोन्ही वर्षानुवर्षं चालतात. रंगीत टच स्क्रीनचे पैसे वाचवून चांगल्या बीन्सवर घाला.

तीन सोयी मात्र हव्यातच: दळण बारीक-जाड करायची खुंटी, कपातली कॉफी मिलीत ठरवता येणं आणि तापमान वाढवता येणं. तिसरी सोय जानेवारीत उपयोगी पडते, गारठलेल्या कपात ४० मिली कॉफी पडली की लगेच कोमट होते. कप आधी गरम पाण्याने विसळला तर आणखी बरं.

टप्पा ७: डेमो आणि बिल

डेमो मागा आणि लागोपाठ दोन कॅपुचिनो काढायला सांगा. पहिली कुठलंही मशीन बरी देतं. दुसरीला वेळ किती लागला, दूध तेवढंच गरम आलं का, ते बघा. मग ड्रॉवर उघडा. चोथा बिस्किटासारख्या गोल वडीत पडलेला हवा, किंचित ओलसर चालेल. नुसता चिखल असेल तर दळण किंवा मात्रा चुकलेली आहे, दुकानदाराला नीट करून दाखवायला सांगा. ब्रू युनिट काढून परत बसवा. 'टक्' असा आवाज आला नाही तर ते बसलेलं नसतं.

पैसे देण्याआधी तीन प्रश्न, आणि उत्तरं बिलावर किंवा मेसेजवर लेखी घ्यायची. मेकॅनिक इंदूरला घरी येतो, की मशीन दुसऱ्या शहरात पाठवावं लागतं? पाठवावं लागलं तर भाडं कोणाचं? क्षाराने झालेला बिघाड वॉरंटीत आहे का? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक 'नाही' असंच येईल. पाण्याचा टप्पा इतका आधी घेतला तो यासाठीच.

महारानी रोडवर भाव करून घ्या किंवा ऑनलाइन, जीएसटीचं बिल आणि मशिनावरचा अनुक्रमांक जुळतो का ते पाहा. खोकं आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. पाठवायची वेळ आली तर तेच लागतं.

खर्चाचा हिशेबही इथेच करा. एका कपाला साधारण ९ ग्रॅम बीन्स लागतात, म्हणजे २५० ग्रॅमच्या पाकिटात सत्तावीस कप. पाकीट ५०० रुपयांचं धरलं तर कपामागे साडेअठरा रुपये, दूध वेगळं.

> सावधान: जुनं मशीन घेणार असाल तर मेनूतला एकूण कपांचा आकडा बघा, आणि क्षाराचा दिवा लागलेला असेल तर भाव न करता परत फिरा.

टप्पा ८: पहिला दिवस

1. टाकी विसळून तयार केलेलं पाणी भरा. मेनूत पाण्याचा कठीणपणा त्या पाण्याप्रमाणे लावा. हे सोडलं तर मशीन कारखान्यातला आकडा धरून चालतं, आणि दिवा वेळेआधी लागतो किंवा उशिरा.
2. बीन्स न घालता गरम पाणी काढा. नळीतली हवा निघते. सुरुवातीला पंपाचा कर्कश आवाज येईल, घाबरू नका.
3. बीन्स अर्धाच डबा घाला. भाजून एक ते चार आठवडे झालेल्या, मध्यम भाजणीच्या. तेलाने चकचकणाऱ्या काळ्या बीन्स डब्यातच एकमेकींना चिकटतात आणि ग्राइंडरपर्यंत उतरत नाहीत. साखरेचा किंवा फ्लेवरचा थर दिलेल्या मुळीच नकोत.
4. पहिले चार-पाच कप ओतून द्या. ग्राइंडर आणि मशिनातल्या आतल्या वाटा भरायला ते जातात. ड्रॉवरमध्ये आधीच कॉफीचे कण दिसले तर मशीन वापरलेलं आहे असं समजू नका, कारखान्यात कॉफी काढूनच तपासणी होते.

मशीन चालू-बंद होताना स्वतः विसळून घेतं आणि ते पाणी खालच्या ट्रेमध्ये जातं. ट्रे लवकर भरतो तो गळतीमुळे नाही.

टप्पा ९: चव बसवणं

खुंटी फक्त ग्राइंडर फिरत असतानाच हलवा, आणि एका वेळी एकच घर. बंद ग्राइंडरवर बारीककडे जोर लावला तर पात्यांमध्ये बीन्स अडकून खुंटी तुटते. बदल लगेच दिसत नाही, आधीचं दळण वाटेत असतं. दोन-तीन कपांनंतर चव घ्या, मग पुढचं घर.

कॉफी भसाभसा, फिकट आली: दळण बारीक करा. थेंबथेंब आली: जाड करा. पाणचट लागते: आधी मिली कमी करा, मग कॉफीची मात्रा वाढवा. सगळं एकदम बदलू नका.

एस्प्रेसो ३० ते ४० मिलीवर थांबवा. मोठा कप हवा म्हणून तोच आकडा १५० करणं ही सर्रास होणारी चूक. तेवढं पाणी त्याच चोथ्यातून गेलं की शेवटचा अर्धा कप कडू, लाकडासारखा लागतो. ४० मिली काढा आणि वरून गरम पाणी घाला.

टप्पा १०: साफसफाईचं वेळापत्रक

रोज. दुधाचं भांडं किंवा वाफेची नळी प्रत्येक वापरानंतर, रात्री नव्हे. ट्रे रिकामा. चोथ्याचा ड्रॉवर मशीन चालू असतानाच रिकामा करा. बंद असताना केला तर पुष्कळ मशिनांचा मोजणारा आकडा शून्यावर येत नाही आणि रिकाम्या ड्रॉवरवरही 'भरला' असा इशारा येत राहतो. वड्या ओल्या कचऱ्यात टाका. जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवस राहिल्या तर वड्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी चढते, नंतर ती हिरवी होते आणि वास थेट कपात येतो.

आठवड्यातून एकदा. मशीन बटणाने बंद करा, थांबा, मग ब्रू युनिट काढा. कोमट पाण्याखाली धरा, साबण अजिबात नको. साबणाने सांध्यांवरचं वंगण निघून जातं. वरची जाळी बोटाने चोळा, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. तोवर आतली पोकळी मऊ ब्रशने झाडून घ्या. उबेला झुरळं येतात, कोपरे टॉर्चने बघा.

महिन्यातून एकदा. ब्रू युनिटच्या खाचांना माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या जागी खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस, मुगाच्या दाण्याएवढं. स्वयंपाकाचं तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं.

दिवा लागला की. क्षार काढायचं द्रावण कंपनीचं किंवा कंपनीने चालेल म्हटलेलं घ्या. व्हिनेगर रबरी सीलना खातं आणि त्याचा वास कितीतरी कप जात नाही. या कामाला अर्धा-पाऊण तास लागतो आणि मध्ये थांबवता येत नाही, त्यामुळे वीज जाण्याच्या वेळेत सुरू करू नका. खाली दोन लिटरचं पातेलं ठेवा, छोट्या भांड्यात ते मावत नाही.

> सावधान: कॉफी निघत असताना वीज गेली तर ब्रू युनिट मधेच अडकतं. ओढून काढू नका. वीज आली की मशीन चालू करा, ते आपोआप मूळ जागी येतं. तरी बसलं नाही तर बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा चालू करा. त्यानंतरच मेकॅनिक.

दिवाळीला आठवडाभर गावी जाणार असाल तर निघायच्या दिवशी टाकी रिकामी करा, ड्रॉवर आणि ट्रे धुऊन कोरडे करा, ब्रू युनिट बाहेर काढून ठेवा आणि उरलेल्या बीन्स डब्यातून काढून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. प्लग काढून ठेवा. परत आल्यावर ब्रू युनिट बसवा, ताजं पाणी भरून दोन कप गरम पाणी काढून टाका, मग बीन्स घाला.